चाखण्याचा डबा

कँटीनच्या काकीला कुणी वय विचारलं की ती म्हणायची, "शेगडी पेटवते तेव्हा तिशीची असते, बंद करते तेव्हा सत्तरीची." खरं वय या दोहोंच्या अधेमधे कुठेतरी होतं आणि ते तिच्या गुडघ्यांना नीट ठाऊक होतं.

कारखान्यात दिवसपाळीला जेवढी माणसं जेवायची, त्या सगळ्यांची ती काकी. मुकादमाची काकी, क्रेनवाल्या लंबूची काकी, टाय लावून येणाऱ्या मॅनेजरसाहेबांचीही काकी. तिचं राज्य म्हणजे जेवणाच्या हॉलमागचं एक लांबट स्वयंपाकघर. एका भिंतीला ओळीने मोठ्या शेगड्या, वर काजळी धरलेलं धुराडं, मधोमध पत्र्याचं टेबल आणि हॉलच्या बाजूला वाढपाची खिडकी. तिचं शटर वर सरकलं की जेवण सुरू, खाली आलं की संपलं. टोप असे मोठाले की तान्ह्या पोराला त्यात सुखाने अंघोळ घालावी. या सगळ्यात काकी उभी. बसलेली काकी कुणी पाहिलीच नव्हती. बसायची जागाही नव्हती म्हणा. बसण्यासारखं जे काही होतं त्यावर बटाट्यांची पोती असायची.

चव बघायची तिची पद्धत ठरलेली. उजव्या हातातला डाव टोपात बुडवायचा, डाव्या तळहातावर थोडं ओतायचं, फुंकर नाही, काही नाही, थेट जिभेवर. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचं. तेवढ्या वेळात कुणी बोललं तर त्याची खैर नसे. डोळे उघडले की हुकूम सुटायचा, "मीठ दे." नाहीतर, "झाकण टाक." हा तळहात म्हणजे तिचा तराजू होता. त्याच्या भरवशावर तिने आजवर हजारोंची पोटं भरली होती आणि कुणी ताट मागे सारलं नव्हतं.

पण दिवस काही माणसाला विचारून फिरत नाहीत. काकीच्या पायांना सूज यायला लागली. कोठीघराच्या पायऱ्या चढताना छाती भात्यासारखी हलायची. कारखान्याचा डॉक्टर वर्षातून एकदा सगळ्यांना तपासायचा. त्याने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे बघितलं आणि पुन्हा फुगवला. गोळी लिहून दिली आणि म्हणाला, "मीठ कमी, वजन कमी. पुढच्या तपासणीला असंच निघालं तर मला लिहून द्यावं लागेल, की यांना शेगडीपुढे उभं करू नका."

आणि नेमकं तेव्हाच हॉलमधून कुरबूर सुरू झाली. रस्सा खारट लागतो म्हणे. लंबू तर खिडकीशी येऊन म्हणाला, "काकी, समुद्र आटवलात की काय?"

"तुझी जीभ तपासून घे आधी," काकी फणकारली. "मला तर अळणी लागतोय."

खरंच तिला अळणीच लागत होता. तिथेच तर सगळी मेख होती.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, बोलताना पेनाचं टोपण काढघाल करत होता. "काकी, तुमची तब्येत बघा. मी म्हणतो, तुम्ही आता भाजी निवडायला बसा. डाव कांदेबाईच्या हातात देऊ."

कांदेबाई म्हणजे काकीच्या हाताखालची. कांदा इतका बारीक आणि इतक्या झपाट्याने चिरायची की तिचं दुसरं नाव कुणाला आठवायचंच नाही. बाई कष्टाची, तोंडाने तिखट, मनात काही नाही.  भाजी निवडायला काकीची ना नव्हती. पण जिच्या चवीवर अख्खा कारखाना जेवतो, तिने कोपऱ्यात बसून शेंगा सोलायच्या आणि दुसरीने डोळे मिटून चव बघायची, हे तिला स्वप्नातसुद्धा सोसलं नसतं. "पुढच्या तपासणीपर्यंत थांबा," एवढंच ती बोलली.

घरी तिची लेक वाटच बघत होती. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि त्याच गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या माडीत, एक आहार सल्लागार बाई बसायची. लेकीने न विचारताच नंबर लावून ठेवला होता.

"गोळी तर डॉक्टरने दिलीय. मग ही काय देणार?" काकीने विचारलं.

"आई, ती फक्त आजार बघत नाही. झोप, पाणी, चालणं, मन, सगळं बघते. पाटीवरच लिहिलंय, संपूर्ण माणसाचा विचार."

"म्हणजे अर्ध्या माणसाचा विचार करणारेही असतात तर!"

काकीचा नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. निवृत्त बस ड्रायव्हर, आयुष्यभर रस्त्याकडे बघून झालेलं, त्यामुळे घरात कुणाकडे बघून बोलायची सवय नव्हती. पेपरातूनच म्हणाला, "जाऊन ये गं. तसं तू खातेसच काय? चिमणीसारखी दोन दाणे टिपतेस. ती बाई तुला जास्तच खायला सांगेल."

जिना चढून काकी माडीवर पोहोचली तेव्हा धाप लागून तिला बोलता येईना. आहारबाईंनी घाई केली नाही. पाणी दिलं, खिडकी उघडली आणि काकीचा श्वास जागेवर येईपर्यंत आपली टेबलावरची कुंडी इकडची तिकडे करत राहिल्या. लेकीहून थोड्या मोठ्या असतील, केस आखूड, आवाज शांत. मग एकेक विचारायला लागल्या. झोप किती लागते? रात्रीत उठावं लागतं का? कामावर चप्पल कुठली घालता? शेवटचं मोठ्याने कधी हसलात?

"हे खाण्याचं चाललंय का लग्नाचं?" काकीने लेकीच्या कानात विचारलं. पण तिला बरं वाटत होतं, हेही खरं. इतके प्रश्न तिला आजवर कुणी विचारले नव्हते. माणसं तिला एकच विचारायची, आज काय आहे?

"आणि दिवसभरात काय खाता?" आहारबाईंनी विचारलं.

"काही नाही. सकाळी चहा घेऊन निघते. कामावर जेवायला फुरसत कुठली? संध्याकाळी घरी दोन घास."

"बस?"

"बस! विचारा हिला."

लेकीने मान डोलावली. ती काही खोटं बोलत नव्हती आणि काकीही नव्हती.

आहारबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, गोळी चुकवायची नाही, पाणी प्यायचं, सकाळी काहीतरी खाऊन निघायचं. काकीने पाणी प्यायलं, गोळी घेतली आणि खाऊन निघायचं तेवढं ती विसरून गेली. पुढच्या खेपेला वजनाचा काटा होता तिथेच, पायाची सूजही होती तिथेच. काकी ओशाळली. "माझं शरीर हवेवरच फुगतं, बाई. काय करू?"

आहारबाई तिची नाडी बघत होत्या. नाडी बघता बघता त्यांनी डावा हात उताणा केला आणि बघतच राहिल्या. तळहाताच्या मध्यावरची कातडी चामड्यासारखी निबर, गुळगुळीत, कडेला जुन्या चटक्यांचे डाग. उजव्या हाताला यातलं काही नाही.

"हे कशाने झालं?"

"तिथे मी चव बघते ना."

"दिवसातून किती वेळा?"

"आता ते कोण मोजतं? तुम्ही श्वास किती वेळा घेता?"

आहारबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काकी, तुम्हाला लिहून ठेवायला सांगत नाही. हात कामात असतात तुमचे. एकच करा. एक डबा शेजारी ठेवा. जेवढं तुमच्या तोंडात जाईल, तेवढंच त्या डब्यातही टाका. चव बघताना, बटाटा शिजला का बघताना, काहीही असो. एक दिवस फक्त. आणि तो डबा मला आणून दाखवा."

"त्यात काय, वाटीभर निघेल," काकी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खरंच वाटीच घेऊन कामाला लागली.

वाटी पहिल्या शेगडीपाशीच भरली. रश्श्याची चव, मग मीठ टाकून चव, मग उकळी आल्यावर चव. बटाट्याची फोड. भाताची चिमूट, शीत दाबून बघितलं तर ते खाली कुठे टाकणार, ते तोंडातच जाणार. चहाचा मोठा टोप उतरला, साखर बघायला अर्धा कप. पावाच्या लाद्या कापल्या, करपलेल्या कडा कुणी खात नाही, म्हणून काकी खाते. कांदेबाईने वाटी बघून भुवया उडवल्या. "काकी, नैवेद्य कुणाचा काढताय?"

"गप बस आणि मला तो मोठा डबा दे."

गोड शिऱ्यासारखं काहीतरी केलं होतं, त्याची खरवड. टोपाला चिकटलेलं वाया जाऊ नये म्हणून. तळण झालं, पहिला घाणा तेलाचा अंदाज घ्यायला. वाढप संपलं, खिडकीचं शटर खाली आलं, उरलंसुरलं झाकताना थोडं हे, थोडं ते. दुपारच्या चहाची पुन्हा साखर. डबा भरला, दाबला, पुन्हा भरला. झाकण लागेना तेव्हा कांदेबाईने त्यावर कोपर टेकून ते बसवलं.

त्या संध्याकाळी चपलांच्या दुकानावरच्या माडीत टेबलावर तो डबा उघडला गेला. आत भात, रस्सा, पाव, चहा, गोड, तळलेलं, सगळ्यांचा मिळून एक असा काला झाला होता की बघवत नव्हतं. लेकीचे डोळे पांढरे झाले.

"आई! हे एका माणसाचं?"

"माणसाचं कसलं, माझं!" काकी म्हणाली. आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. पदराने डोळे पुसते, पुन्हा डब्यात बघते, पुन्हा हसते. "आणि हे म्हणतात, चिमणीसारखी खाते! अहो, ही चिमणी म्हणायची की हत्तीण?"

आहारबाईही हसल्या, पण त्यांनी नंतर एकच गोष्ट विचारली. "काकी, खरं सांगा. यातलं चवीसाठी किती होतं आणि भुकेसाठी किती?"

काकीचं हसू थांबलं. ती डब्याकडे बघत बसली. स्वयंपाक तिच्या रक्तात होता, तिला खोटं बोलता आलं नसतं. "पहिला घोट चवीचा असतो," ती म्हणाली. "पुढचे सगळे पोटाचे. मला बसायला कुणी सांगितलंच नाही ना कधी. मग उभ्या उभ्याच चाललं."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. म्हणाला, "मी एवढी वर्षं म्हणायचो, ही काही खात नाही." मग जरा वेळाने, "एवढं तर मीही खात नाही."

आता काकीचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट पटली की ती अर्धवट करायची नाही. तिने मनाशी ठरवलं, उद्यापासून चव बघणं बंद. थेंब नाही, शीत नाही, चहाचा घोट नाही. अंदाजाने मीठ टाकायचं. एवढ्या वर्षांचा हात आहे, तो काय फसवणार?

हाताने फसवलं नाही, आठवणीने फसवलं. तळहातावरच्या त्या थेंबामुळे तिला कळायचं, मीठ पडलंय की पडायचंय. तोच बंद झाल्यावर डोकं गडबडलं. तिने रश्श्यात मीठ टाकलं, मध्येच पाववाल्याशी बोलली, परत येऊन पुन्हा टाकलं. कांदेबाईने बघितलं, पण काकीच्या कामात बोलायची कुणाची हिंमत नसे. शटर वर गेलं, ताटं भरली आणि हॉलमधल्या गप्पा एकदम बंद झाल्या. अख्ख्या हॉलमध्ये फक्त पाण्याचे ग्लास भरल्याचे आवाज.

लंबू ताट घेऊन खिडकीशी आला. या वेळी त्याने विनोद केला नाही. "काकी, खाता येत नाही हो," एवढंच म्हणाला. टोमण्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी डाव कांदेबाईकडे दिला. "तपासणीपर्यंतच," असं म्हणाले, पण म्हणताना टोपण काढघाल करत होते. काकी कोपऱ्यात बसली. बटाट्यांची पोती हलवून तिच्यासाठी जागा केली गेली, हे एक तेवढं झालं. शेंगा सोलताना तिचा डावा तळहात आपोआप उघडायचा आणि लक्षात येताच ती तो मिटायची.

आहारबाईंकडे जाऊन ती भडाभडा बोलली. "तुमच्या नादाने माझा डाव गेला!"

"चव सोडा असं मी म्हटलं होतं?"

काकी आठवायला लागली. नव्हतं म्हटलं.

"तुम्ही उपाशी पोटी चव बघता. उपाशी जिभेला काय बरोबर कळणार? ती प्रत्येक घासाला होच म्हणणार. आणि दिवसभर मीठ खाऊन खाऊन ती आता ऐकेनाशी झालीय, म्हणून मीठ वाढवावं लागतं. आधी बसून खा. मग चमच्याच्या टोकावर एकदा बघा, पाण्याने चूळ भरा, पुढच्या टोपाकडे जा. मीठ हळूहळू कमी करा. जीभ जागी व्हायला वेळ लागेल. तोवर चिडू नका."

"आणि ती जागी झाली नाही तर?"

"तर तुम्ही माझ्याकडे येऊन भांडा."

मग काकीच्या आयुष्यात खाणं नावाची गोष्ट पहिल्यांदा सुरू झाली. सकाळी तिचा नवराच उठून काहीतरी करायचा. ड्रायव्हरला स्वयंपाक येत नव्हता, त्याने अंडं उकडायला घेतलं की घरभर वाफ आणि धांदल. पण समोर ताटली ठेवून खुर्ची ओढून द्यायचा आणि म्हणायचा, "बस. तू बसल्याशिवाय मी बसणार नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सकाळी दोघं समोरासमोर बसून खातायत हे दोघांनाही नवंच होतं. सुरुवातीला काय बोलावं कळेना. मग तो बसच्या जुन्या गोष्टी सांगायला लागला, त्यातल्या निम्म्या तिने ऐकलेल्याच नव्हत्या.

पहिले काही आठवडे वाईट गेले. सगळं अळणी. काकड्या पाणचट, अंडं मातीसारखं. काकी आहारबाईंना मनात चार शिव्या घालायची आणि तरी मीठ उचलायची नाही. संध्याकाळी कारखान्यापासून घरापर्यंत चालत यायची, आधी धापा टाकत, मग दुकानं बघत, मग भाजीवालीशी बोलतबोलत. पायातले घट्ट बूट जाऊन मऊ चपला आल्या, झोप लागायला लागली. आणि एक दिवस तिने साध्या उकडलेल्या बटाट्याचा घास घेतला आणि थांबली. बटाटा गोड लागला. तिने नवऱ्याला विचारलं, "यात साखर टाकलीत का?" तो म्हणाला, "मला कुठे काय टाकता येतं?"

तपासणी आली. डॉक्टरने पट्टा फुगवला, काट्याकडे बघितलं, पुन्हा फुगवला आणि मान हलवली. "बरंच खाली आलंय. गोळी चालू ठेवा. शेगडीपुढे उभं राहायला माझी हरकत नाही."

पण डाव अजून कांदेबाईकडेच होता. आणि हॉलमध्ये खारटपणाची कुरबूर थांबली नव्हती, कारण कांदेबाई चव काकीकडूनच शिकली होती. काकीला जेवढं मीठ लागायचं तेवढंच ती घालायची, मोजून-मापून, इमानदारीने.

साहेब स्वयंपाकघरात आले तेव्हा काकी कोपऱ्यात शेंगा सोलत होती. "डॉक्टरांचा कागद आला," ते म्हणाले. "पण काकी, खरं सांगू? मला भीती वाटते. मागच्या खेपेला..." आणि थांबले.

काकी उठली. शेंगा बाजूला ठेवल्या, हात धुतले, एक छोटा चमचा घेतला आणि कांदेबाईच्या टोपात नुसतं टोक बुडवून चव घेतली. डोळे मिटले. सगळे गप्प. बाहेर खिडकीशी लंबू ताट घेऊन उभा होता, तोही.

"खारट आहे," काकी म्हणाली. "मेल्या, तू बरोबर बोलत होतास."

लंबूने खुशीत ताट इतक्या जोरात आपटलं की साहेब दचकले.

कांदेबाईने कमरेवर हात ठेवले. "अहो, हे तुमच्याच मापाने घातलंय!"

"म्हणून तर खारट आहे." काकीने चमचा खाली ठेवला, चूळ भरली, दुसऱ्या टोपापाशी जाऊन तिथलीही चव घेतली. "हे बरं आहे. यात बटाटे टाक आणि तो रस्सा यात अर्धा मिसळ. उरलेल्यात पाणी आणि भाजी वाढव."

साहेब बघत होते. पेनाचं टोपण खिशातच राहिलं. "कांदेबाई, डाव..."

"घ्या हो, घ्या!" कांदेबाईने तो काकीच्या हातात जवळजवळ फेकलाच. "माझे तर केस जळले या आचेने. मला माझे कांदे बरे. रडायचंच असेल तर कांद्यापुढे रडीन."

काकीने डाव घेतला. पण लगेच टोपाकडे वळली नाही. "साहेब, एक आहे. शटर उघडायच्या आधी आम्ही जेवणार. बसून."

"आधी? पण सगळे खोळंबतील."

"खोळंबतील थोडे. उपाशी स्वयंपाकिणीच्या हातचं खारट खाण्यापेक्षा बरं."

साहेबांनी लंबूकडे बघितलं. लंबू म्हणाला, "मला चालेल, साहेब." मग साहेबांनीही मान हलवली.

आता त्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या असतात. शटरमागून रोज ताटांचा खणखणाट येतो, पण काकी आणि कांदेबाई समोरासमोर बसून जेवत असतात, घाई न करता, एकमेकींची उणीदुणी काढत. काल कुणीतरी नवीन कामगार शटरवर टकटक करून ओरडला, "अहो, आत कुणी आहे का?"

"आहोत की," काकीने तोंडातला घास चावून, गिळून मग सांगितलं. "जेवतोय."

आणि तिने कांदेबाईच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.